वावरातून कॉलेज गोल्फ: अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या टीमपर्यंत पोरापोरींना कसं पोचवायचं

गोल्फचं नाव काढलं की आपल्या इकडे पहिला प्रश्न ठरलेला, "पण मैदान कुठं हाय बाप्पा?" खरं आहे, यवतमाळ-वाशिमकडच्या गावातून धड गोल्फ कोर्स नुसता पाहायचा म्हटलं तरी एसटीत अर्धा दिवस जाते. पण हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न हा की अमेरिकेतल्या कॉलेजचे गोल्फ कोच पोरगं निवडताना पाहतात काय? स्विंग किती देखणा हे फारसं नाही पाहत, पेपरात फोटो किती आले हे तर बिलकुलच नाही. त्यांना दोन कागद लागतात, स्पर्धेतल्या स्कोअरचा आणि नववीपासूनच्या मार्कांचा. हे दोन्ही कागद तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणून हे सगळं मी आठवी-नववीच्या पोरापोरींच्या मायबापासाठी लिहून राहिलो, बारावीचा निकाल हातात घेऊन वाचायला बसाल तर निम्मी गाडी निघून गेलेली असते.

आधी टीम म्हणजे काय ते समजून घ्या

अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत गोल्फच्या दोन टीम असतात, मुलांची एक आणि मुलींची एक, कोच बहुतेक ठिकाणी वेगळे, काही ठिकाणी दोन्हींच्या वर मिळून एक डायरेक्टर. एका टीममध्ये आठ-दहा खेळाडू. स्पर्धेला त्यातले पाच जातात आणि प्रत्येक राउंडला, म्हणजे १८ होलच्या डावाला, पाचातले चांगले चार स्कोअर धरतात. स्कोअर म्हणजे बॉल होलात घालायला लागलेले फटके, जितके कमी तितकं चांगलं. समजा पोरींनी ७२, ७४, ७५, ७८ आणि ८३ मारले, तर ८३ सोडून द्यायचा, टीमचा झाला २९९. यातूनच कोचचं सगळं डोकं कळते. एक दिवस ७० आणि दुसऱ्या दिवशी ८४ मारणारा पोरगा गावात हिरो असेल, कोचला मात्र रोज ७५ मारणारा हवा असतो, कारण त्याचा स्कोअर टीमच्या बेरजेत येणार याची खात्री असते.

कोण पाच जाणार हेही आधी ठरलेलं नसते, आपसात क्वालिफाइंग खेळून जागा कमवावी लागते. सीझन दोन भागात, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मग फेब्रुवारी ते मे. बऱ्याच स्पर्धा ५४ होलच्या, आणि कितीतरी ठिकाणी पहिल्याच दिवशी ३६ होल खेळून घेतात, बॅग स्वतःच्या खांद्यावर नाहीतर ढकलगाडीवर. सकाळी अंधारात निघायचं आणि संध्याकाळपर्यंत चालायचं. इथं आपली पोरं मागं पडणार नाहीत एवढं मी छातीठोक सांगतो.

मे महिन्याच्या शेवटी एनसीएएची, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या मोठ्या संघटनेची, फायनल. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या थरात, ३० टीम, आधी स्ट्रोक प्ले (एकूण फटक्यांची बेरीज), त्यातून वरच्या ८ टीम मॅच प्लेमध्ये (एकास एक, होलागणिक लढत), पाच जोड्या खेळतात आणि तीन जिंकल्या की टीम पुढं. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडच्या ला कोस्टा मैदानावर मुलींमध्ये नॉर्थवेस्टर्ननं स्टॅनफर्डला हरवलं, मुलांमध्ये ओक्लाहोमा स्टेटनं व्हर्जिनियाला. यूट्यूबवर पाहा, पोरासोबत बसून पाहा, शॉट मारण्याआधी ती पोरं कितीवेळ वही पाहतात, वाऱ्याकडं पाहतात, त्याच्यावर नजर ठेवा.

आणि हो, अभ्यास टाळता येत नाही. सीझनमध्ये कोच आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त खेळाचं काम घेऊ शकत नाही असा नियम आहे, एक दिवस सुट्टी द्यावी लागते, आणि पोरानं सेमिस्टरला कमीत कमी १२ क्रेडिटचे विषय घेतलेच पाहिजेत, नाहीतर टीमही जाते आणि व्हिसाही.

पैसा कुठं मिळतो, कुठं नाही

"शंभर टक्के स्कॉलरशिप" हे तीन शब्द ऐकून लोक वावर विकायला निघतात, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

कॉलेज खेळाचे थर आहेत. एनसीएए डिव्हिजन वन, डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, मग एनएआयए नावाची वेगळी संघटना, आणि दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांची एनजेसीएए. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळू शकते. डिव्हिजन वनमध्ये कितीतरी वर्षं मुलांच्या टीमला मिळून साडेचार स्कॉलरशिप होत्या आणि मुलींच्या टीमला सहा. डिव्हिजन टूमध्ये मुलांना ३.६ आणि मुलींना ५.४. म्हणजे नऊ पोरांमध्ये साडेचार वाटायच्या, बरोबर अर्धी-अर्धी आली, आणि कोच तसं समान वाटतही नाहीत, स्टार पोराला जास्त देतात, बाकीच्यांना पुस्तकापुरतं. जून २०२५ मध्ये कोर्टात एक मोठी तडजोड मंजूर झाली आणि त्यात सामील झालेल्या विद्यापीठांना आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, त्याऐवजी खेळाडूंची मर्यादा आहे, गोल्फला मुलांचे ९ आणि मुलींच्या ९. कागदावर नऊच्या नऊ जणांना पूर्ण पैसे देता येतात. पण देता येतात आणि देतात यात फरक आहे भाऊ, तिकडं मोठा पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडं जातो, गोल्फला काय उरते ते प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. म्हणून प्रत्येक कोचला सरळ विचारायचं, तुमचं विद्यापीठ या तडजोडीत आहे का, आणि माझ्या वर्षासाठी तुमच्याकडं किती पैसे आहेत.

डिव्हिजन टूचं नाव ऐकून नाक मुरडू नका. जीव मिल्खा सिंग टेक्सासमधल्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठातून खेळला, १९९३ ला त्यानं डिव्हिजन टूचं वैयक्तिक विजेतेपद मारलं, आणि पुढं युरोपियन टूरवर जाणारा पहिला भारतीय झाला. आपल्या भागातल्या पोरासाठी डिव्हिजन टू, एनएआयए, किंवा दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज करून मग मोठ्या विद्यापीठात बदली, हे रस्ते जास्त खरे आहेत असं माझं मत.

मार्कांची स्कॉलरशिप खेळाच्या स्कॉलरशिपसोबत बऱ्याच ठिकाणी जोडता येते, आणि कोचला असं पोरगं फार आवडते, कारण विद्यापीठाच्या दुसऱ्या खात्यातून पैसे आले तर त्याच्या बजेटमधले वाचतात. म्हणजे दहावीला ९० टक्के घेतलेली पोरगी दोन-तीन शॉट मागं असली तरी कधी कधी पुढं निघते.

पोरीच्या बापानं हे नक्की वाचावं

मुलींना स्कॉलरशिप जास्त का? १९७२ चा टायटल नाइन कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलामुलीत भेदभाव करता येत नाही, खेळातसुद्धा. मुलांच्या फुटबॉल टीमला एकट्याला ८५ स्कॉलरशिप असायच्या, त्याचा तोल सांभाळायला मुलींच्या बाकी खेळांत जागा आणि पैसा वाढवावा लागला. त्यात गोल्फ खेळणाऱ्या मुली मुलांपेक्षा कमी, त्यामुळं लहान विद्यापीठांत मुलींच्या टीमची पाचवी-सहावी जागा भरायला कोच खरंच शोधत असतात. ७८-८० च्या आसपास सातत्यानं मारणाऱ्या पोरीला छोट्या कॉलेजात ऐकून घेणारं कोणी तरी भेटते, त्याच स्कोअरच्या पोराला मेलचं उत्तरही येत नाही. वरच्या डिव्हिजन वनसाठी मात्र पोरीला ७२-७४ च्या घरात आणि पोराला पारच्या (मैदानाच्या ठरवून दिलेल्या स्कोअरच्या) आसपास किंवा खाली राहावं लागते, तिथं दयामाया नाही.

अदिती अशोकचं उदाहरण सगळे देतात, टोकियो ऑलिम्पिकला चौथी आली ती. पण ती २०१६ ला सरळ प्रोफेशनल झाली, कॉलेजच्या रस्त्यानं गेलीच नाही. तिचा रस्ता तिचा, आपल्या पोरीला डिग्री आणि खेळ दोन्ही हवं असेल तर कॉलेज.

गावात सराव कसा करायचा

कोरडवाहू वावर असेल तर कपाशी निघून पऱ्हाटी उपटली की पेरणीपर्यंत ते मोकळंच असते, तीच तुमची ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे लांब मारायच्या सरावाची जागा. टेपनं मोजून ५०, ७५, १००, १२५ मीटरवर बांबू रोवा, वर खताच्या पोत्याचे झेंडे बांधा. गोल्फमध्ये हिशोब यार्डात चालतो, १०० मीटर म्हणजे १०९ यार्ड, पोराला हे पाढ्यासारखं पाठ पाहिजे. बाजूच्या वावरात बाया निंदायला असतील, धुऱ्यावर ढोरं चरत असतील तर क्लब (मारायची काठी) हातात घ्यायचाच नाही. जेमतेम ४६ ग्रॅमचा बॉल आहे पण डोक्याला लागला तर माणूस जागेवर आडवा होते.

शहरातली पोरं मॅटवर मारतात आणि मॅट खोटं बोलते, क्लब बॉलच्या दोन बोटं मागं पडला तरी घसरून बॉलला लागते आणि शॉट बरा जाते. आपली वखरलेली काळी माती खोटं नाही बोलत. राखेची एक सरळ रेघ ओढा, रेघेवर बॉल ठेवून सात नंबरचा आयर्न क्लब घेऊन मारा, आणि मग बॉलकडं नका पाहू, मातीकडं पाहा. माती रेघेच्या पुढून उडाली तर बरोबर, मागून उडाली तर चूक, कोचची गरज नाही. दहा मारा, रेघेकडं वाका, मोजा, वहीत लिहा. फक्त ढेकळं आणि खडे वेचून घ्या आधी, नाहीतर क्लबचं तोंड खराब होते. आणि उन्हाळ्यात मातीला भेगा पडल्या की बॉल आत गायब, त्यामुळं मे महिन्यात हा सराव जाळी लावूनच. अकोला-चंद्रपूरचं ऊन तुम्हाला सांगायची गरज नाही, पहाटे साडेपाच ते साडेसात, त्यानंतर बाहेर नाही.

पटिंगला, म्हणजे होलाजवळ बॉल जमिनीवरून हळू ढकलायच्या सरावाला, सारवलेलं अंगण एक नंबर. असलीचं होल १०८ मिलिमीटर रुंद असते, घरचा स्टीलचा गिलास आडवा ठेवला तर त्याचं तोंड त्याहून बरंच लहान, म्हणजे गिलासात जाणारा बॉल होलात जाणारच. तीन पावलं, सहा पावलं, दहा पावलं. अंगणावरची गती आणि ग्रीनवरची (होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरची) गती सारखी नाही हे लक्षात ठेवा, म्हणून जेव्हा कधी खऱ्या मैदानावर जाल तेव्हा पोरगं ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेऊन धाडधाड मारत बसेल तर त्याला ओढून आणा, तिथला निम्मा वेळ ग्रीनवर आणि ग्रीनच्या भोवतीच्या चिपिंगवर (छोट्या उचललेल्या शॉटवर) गेला पाहिजे, कारण लांब मारणं वावरात जमते, हे नाही जमत.

खरं मैदान कुठं? नागपूरला कामठी छावणी, वायुसेना नगर अशा फौजी भागात जाऊन विचारा, सिव्हिलियनला परवानगी कशी मिळते, फी किती, कोणत्या वेळेला. नात्यात कोणी माजी सैनिक असेल तर त्यांना सोबत न्या, गेटवरच निम्मं काम होते. दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात यरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे, मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी आहे, तिथं कोणाकडं राहायची सोय असेल तर महिनाभर ठेवा. क्लबचा सेट सेकंडहँडच घ्या. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, पण सुरुवातीला सात-आठ बस्स झाले.

स्कोअरला किंमत कधी येते

वावरात मारलेल्या शॉटला आणि एकट्यानं खेळलेल्या राउंडला कोचच्या लेखी किंमत शून्य. सगळ्यात आधी अधिकृत हँडिकॅप काढा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, कमी तेवढा चांगला. कोणत्याही मान्यताप्राप्त क्लबातून ५४ होलचे स्कोअर टाकले की पहिला हँडिकॅप इंडेक्स मिळते, मग शेवटच्या २० राउंडमधले चांगले ८ धरून तो चालत राहते. हिशोब असा: स्कोअरमधून कोर्स रेटिंग (त्या मैदानावर पक्क्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) वजा करा, ११३ ला स्लोपनं (साध्या खेळाडूला ते मैदान किती अवघड त्याच्या आकड्यानं) भागून त्यानं गुणा. रेटिंग ७१.५, स्लोप १२५, पोरानं ७९ मारले, तर साडेसात गुणिले ०.९०४, आला ६.८. यानं काय होते, की अवघड मैदानावरचे ७९ आणि सोप्या मैदानावरचे ७९ वेगळे दिसतात, आणि तुमच्या पोराचं मैदान कोणी पाहिलं नसलं तरी कोचला अंदाज येते. म्हणून प्रत्येक स्कोअरसोबत मैदानाचं नाव, किती यार्ड, रेटिंग आणि स्लोप लिहिणं म्हणजे लिहिणंच.

मग स्पर्धा. देशात इंडियन गोल्फ युनियन आहे, १९५५ पासूनची, त्यांच्या वयोगटाप्रमाणं ज्युनिअर स्पर्धा होतात, त्यांच्याकडं नोंदणी करून त्याच खेळा. चांगलं खेळलं तर जागतिक अमॅच्युअर (हौशी खेळाडूंच्या) रँकिंगमध्ये नाव येते, आणि ते नाव आलं की कोच स्वतः शोधत येऊ शकतात. वर्षाला पाच-सहा स्पर्धा झाल्या तरी चालेल पण त्या तीन दिवसांच्या, खऱ्या लांबीच्या मैदानावरच्या असाव्या. गावातल्या मित्रमंडळाच्या चषकाचा फोटो मेलमध्ये टाकू नका, उलटं हसं होते.

एक पैशाची भानगड. पोरगं अमॅच्युअर राहिलं पाहिजे. प्रोफेशनल म्हणून नाव टाकायचं नाही, एजंटासोबत करार करायचा नाही, रोख बक्षीस असेल तर घेण्याआधी नियम पाहायचा. आपल्याकडं पोरगं थोडं चमकलं की सरपंच सत्कार ठेवतात, पाकीट देतात, आमदार पण देतात. कोणी किती दिले आणि कशासाठी दिले हे वहीत लिहून ठेवा, पुढं फॉर्ममध्ये विचारतात तेव्हा आठवत बसायला नको.

कागदपत्रं, इथंच गावाकडची पोरं अडकतात

डिव्हिजन वन आणि टूसाठी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये खातं लागते. सुरुवातीला फुकटचं खातं उघडा, फी भरायची वेळ कोच मागं लागले की येते. त्यांना नववी ते बारावी अशा चार वर्षांत १६ मुख्य विषय हवे असतात. डिव्हिजन वनला इंग्रजी ४, गणित ३, सायन्स २, या तिघांतला आणखी १, सोशल सायन्स २ आणि बाकी ४, डिव्हिजन टूची वाटणी थोडी वेगळी. डिव्हिजन वनला ४ पैकी २.३ आणि टूला २.२ सरासरी लागते. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएनं २०२३ मध्ये काढून टाकली, काही विद्यापीठं स्वतःच्या प्रवेशासाठी मागतात ती गोष्ट वेगळी.

आता हे आपल्या बोर्डावर बसवून पाहा. इतिहास-भूगोल नववी-दहावीत होऊन जाते, इंग्रजी चारही वर्षं असते. गोची गणिताची. नववी-दहावीची दोन वर्षं झाली, तिसरं अकरावीत लागणार, आणि आर्ट्स-कॉमर्सला आपली पोरं गणित सोडून देतात. तो निर्णय घेण्याआधी हा आकडा डोळ्यासमोर ठेवा.

दुसरी गोची नववीच्या मार्कशीटची. दहावी-बारावीची बोर्डाची असते, हरवली तरी डुप्लिकेट मिळते. नववीचा निकाल म्हणजे शाळेनं दिलेला एक पातळ कागद, निकालाच्या दिवशी घरी आला आणि मग कुठं गेला कोणालाच माहीत नाही. आजच शोधा, लॅमिनेशन करू नका, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. नाही सापडला तर शाळेत हेडमास्तर बदलायच्या आधी रजिस्टरवरून काढून सही-शिक्का घ्या. मराठी माध्यम असेल तर मूळ कागद आणि त्याचं ओळीला ओळ अधिकृत इंग्रजी भाषांतर दोन्ही द्यावं लागते. आणि नाव! टीसीवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, दहावीच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव तिसरंच. पासपोर्ट काढण्याआधी हे सगळं एका रेषेत आणा, पासपोर्टनंतर दुप्पट चपला झिजतात.

बारावीनंतर नीटवाल्या पोरांसारखा ड्रॉप घ्यायचा विचार असेल तर जपून. डिव्हिजन वनमध्ये प्रवेशाला उशीर केला आणि त्या काळात स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजात खेळायची वर्षं कापली जाऊ शकतात.

कॉलेज निवडणं आणि कोचला मेल

लोक इथं विद्यापीठाचं नाव पाहून मेल पाठवतात, स्टॅनफर्ड, ड्यूक, आणि मग म्हणतात उत्तर येत नाही. नावाच्या आधी रोस्टर पाहायचं. प्रत्येक टीमच्या वेबसाइटवर खेळाडूंची यादी असते, नाव, गाव आणि कितव्या वर्षाला. फ्रेशमन पहिलं वर्ष, मग सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर. तुमची पोरगी २०२८ च्या ऑगस्टमध्ये जाणार असेल तर २०२८ च्या मेपर्यंत त्या टीममधल्या किती जणी बाहेर पडतात ते मोजा. तीन पडत असतील तर तीन जागा, त्यातली एखादी दुसऱ्या विद्यापीठातून बदलून येणाऱ्या खेळाडूला जाणार हे धरून चाला. कोणीच पडत नसेल तर तिथं मेल पाठवून वेळ घालवू नका. मग गावाचा रकाना पाहा. सगळ्या त्याच राज्यातल्या असतील तर त्या कोचला बाहेरून आणायची सवय नाही, थायलंड, स्वीडन, कोलंबिया, भारत असं दिसलं तर तो कोच व्हिसाची भानगड करायला तयार आहे.

पुढची पायरी, स्कोअरबोर्ड नावाची क्लिप्ड कंपनीची साइट आहे, तिथं कॉलेज गोल्फचे सगळे निकाल असतात. टीमच्या पाचव्या खेळाडूचं ॲव्हरेज काढा. तुमच्या पोरीचं स्पर्धेतलं ॲव्हरेज त्याच्या एक-दोन शॉटच्या आत असेल तर ते कॉलेज यादीत घ्या, पाच शॉटचा फरक असेल तर नका घेऊ. अशी चाळीस-पन्नास कॉलेजं निघाली की खरी यादी झाली. कंटाळवाणं काम आहे, पावसाळ्यात वावरात जाता येत नाही तेव्हा करा.

मेल पोरीनं स्वतः लिहावा, बापानं नाही, कोचना लगेच कळते. विषयाच्या ओळीतच सगळं टाका: नाव, भारत, २०२८ ला बारावी, हँडिकॅप ३.२, स्पर्धेतलं ॲव्हरेज ७६. आत पहिल्या दोन ओळी त्याच टीमबद्दल, म्हणजे "तुमच्या तीन सीनिअर माझ्या वर्षी बाहेर पडतात हे पाहिलं" असं काही तरी, जे दुसऱ्या कॉलेजला पाठवता येणार नाही. मग शेवटच्या पाच स्पर्धांचे स्कोअर यार्ड-रेटिंगसहित, मग दहावीचे मार्क, मग कोणता विषय शिकायचा आहे, मग व्हिडिओची लिंक. बस्स. शेतकऱ्याच्या घरची गोष्ट एका ओळीत आली तर चालते, पण रडगाणं नको. विषयावरून आठवलं, पेन स्टेट आणि मिशिगन स्टेटसारख्या ठिकाणी मैदानाच्या गवताचा, टर्फग्रासचा वेगळा अभ्यासक्रम आहे, माती-पाण्यात वाढलेल्या पोरानं तो एकदा पाहून ठेवावा, खेळ पुढं चालला नाही तरी गोल्फ कोर्स सांभाळणाऱ्या माणसाची नोकरी मिळू शकते.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा. मोबाइल दोन विटांवर ठेवा नाहीतर ट्रायपॉडवर, हाताच्या उंचीला, एकदा समोरून आणि एकदा बॉल जाणार त्या दिशेच्या मागून. ड्रायव्हर, सात नंबर, वेज (जवळच्या उंच शॉटचा क्लब), बंकर (वाळूचा खड्डा), पट. स्लो मोशन थोडं चालेल, खाली गाणं टाकू नका.

डिव्हिजन वनचे कोच दहावी झाल्यानंतरच्या १५ जूनच्या आधी रिक्रूटिंगचं उत्तर देऊ शकत नाहीत, नियमच आहे, म्हणून नववीतल्या पोरीला उत्तर आलं नाही तर मन खट्टू करू नका. त्यानंतर दर दोन महिन्यांनी नवीन स्कोअर टाकून छोटा मेल. कोच फोन ठरवतील तेव्हा वेळ नीट पाहा, टेक्सासपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेदहा तास पुढं आणि हिवाळ्यात साडेअकरा, आपली सकाळची सात वाजताची वेळ दोघांना जमते. लाइनीचा भरवसा नाही म्हणून आदल्या रात्री मोबाइल चार्ज करून ठेवा.

मध्ये एजंट भेटतील. लाखोंत पैसे मागून "गॅरंटी" म्हणतील. वरची सगळी कामं पोरगी स्वतः करू शकते आणि गॅरंटी देणं कोणाच्याच हातात नाही, कारण पैसे कोचच्या बजेटमधून येतात.

ऑफर आली, आता?

पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट असायचं, ते २०२४ मध्ये बंद झालं, आता विद्यापीठाचा स्वतःचा आर्थिक मदतीचा करार असते. त्यात चार गोष्टी पाहा: रक्कम डॉलरमध्ये किती, एका वर्षाची की चार, दुखापत झाली तर काय, आणि ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं यातलं काय काय धरलं. महागड्या खाजगी विद्यापीठात वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर जाते, तिथली अर्धी स्कॉलरशिप आपल्याला झेपणार नाही, छोट्या स्टेट कॉलेजातली अर्धी कदाचित झेपेल. टक्का पाहू नका, खिशातून किती जाणार ते पाहा. राहण्या-जेवणाच्या स्कॉलरशिपवर तिकडं टॅक्स लागू शकते हेही विचारून घ्या. आणि अमेरिकन खेळाडू जाहिरातीतून पैसे कमावतात ते स्टुडंट व्हिसावाल्याला तसं सरळ करता येत नाही, त्याच्यावर बजेट बांधू नका.

मग विद्यापीठ आय-ट्वेंटी नावाचा फॉर्म देते, पण आधी पहिल्या वर्षाचा उरलेला खर्च तुमच्याकडं आहे हे दाखवावं लागते. इथं सातबारा दाखवून भागत नाही, दहा एकर बागायती असली तरी. बँकेतली शिल्लक, एफडी, मंजूर झालेलं शैक्षणिक कर्ज असं लगेच हाताशी येणारं लागते, म्हणून तालुक्याच्या बँकेत कर्जाची चौकशी ऑफरच्या आधीच सुरू करा, त्यांना गोल्फ स्कॉलरशिप म्हणजे काय हे समजवायलाच दोन चकरा जातात. आय-ट्वेंटी आली की सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर, व्हिसाची फी वेगळी, आणि मुलाखत. मुलाखतीत पोरीनं हे कॉलेज का, कोण पैसे देणार, काय शिकणार, या तीन प्रश्नांची उत्तरं तिच्या साध्या इंग्रजीत सांगावी, पाठ केलेलं नको.

आय-ट्वेंटीवरच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून तिकडं जाता येते. टीमची क्वालिफाइंग कॉलेज सुरू होताच लागते, म्हणून तिकीट किमान आठ-दहा दिवस आधीचं काढा, म्हणजे झोपेची वेळ बसेल आणि त्या ग्रीनची गती पण कळेल. क्लबच्या बॅगेचं वजन घरीच काट्यावर करा, ड्रायव्हरचं तोंड जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, आणि मार्कशीटची फाइल सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.